चॉकलेटची वेळ

घराघरात फ्रीज आले आणि चॉकलेटला वेळकाळ उरला नाही. माझ्या भाच्या सकाळी खातात, जेवल्यावर खातात, टीव्हीसमोर लोळत खातात, आणि कधीही खाल्लं तरी सारखंच लागतं म्हणतात. लागत असेल. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. वाद घालायला गेलं की त्या एक तुकडा माझ्यापुढे करतात आणि तो मला खाता येत नाही. आत्याला शुगर आहे असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. असू दे. खरं कारण सांगण्यापेक्षा शुगर परवडली.

ऐंशीच्या सुमाराला आमच्या गावात चॉकलेट म्हणजे दुकानातल्या बरणीतली लिमलेटची गोळी. कागदात गुंडाळलेलं काहीही गोड असलं की ते चॉकलेट. खरं चॉकलेट, चांदीच्या कागदातलं, मोडलं की कट्कन वाजणारं, ते मुंबईहून यायचं. म्हणजे दादाबरोबर यायचं. दादा, माझा थोरला भाऊ, मुंबईला गोदीत कामाला होता. गणपतीला नि शिमग्याला रजा काढून यायचा. रात्रीची एस.टी. त्याला पहाटे सावर्ड्याला सोडायची आणि तिथून हायवे सोडून आत, कातळाच्या सड्यावरची वाट तुडवत तो गावात यायचा. वडील आम्हा दोघांच्या लहानपणीच गेले होते. घरात आई आणि मी. मी आधी शिकत होते, मग गावच्याच प्राथमिक शाळेत शिकवायला लागले. लग्न दोनदा ठरता ठरता मोडलं आणि त्याचं मला पुरेसं वाईट वाटत नाही, ही शेजारच्या काकीची कायमची तक्रार होती.

दादा ओटीवर टेकला की पाय धुवायच्या आधी बॅग उघडायचा, कारण चॉकलेटला घाई असायची. पहाटे ते कडक असायचं. दातांखाली मोडायचं, मग सावकाश जिभेवर पसरायचं आणि त्याच्यामागून जरासा कडवटपणा यायचा. ऊन अंगणात उतरलं की ते वाकायला लागायचं. दुपारी कौलांखाली त्याचा चिखल व्हायचा, तो कागदासकट चाटायचा, आणि निम्मी चव कागदाची. संध्याकाळी गार हवेत ते पुन्हा घट्ट व्हायचं, पण वरून पांढरट पडलेलं आणि चवीला खडू. शिवाय दिवेलागणीला आई काही खाऊ द्यायची नाही. दिवे लागताना खा-खा करणं तिला अवलक्षण वाटायचं. तेव्हा चॉकलेटची वेळ एकच, पहाटेची. पुढे शहरातल्या एका बाईंनी मला सांगितलं, की चॉकलेट खावं ते रात्रीच्या जेवणानंतर, कॉफीबरोबर. त्यांना सावर्ड्याहून चालत आलेलं चॉकलेट ठाऊक नव्हतं.

आणि नेमकी तीच वेळ आईच्या मशेरीची होती. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, पाट्यावर बारीक करायची, डबीत भरायची आणि पहाटे उठल्या उठल्या बोटानं दातांना लावायची. आमच्याकडच्या बायकांचा दिवस असाच सुरू होतो. आई आणि काकी मागीलदारी पायरीवर बसायच्या. तोंडं भरलेली, त्यामुळे बोलणं नाकातून आणि हातवाऱ्यांनी. सगळ्या गावाच्या बातम्या त्या तशाच एकमेकींना पोचवायच्या. तेवढा वेळ घरातलं कुणी त्यांना हाक मारायचं नाही. राबणाऱ्या बाईच्या दिवसातला तेवढाच तुकडा तिचा स्वतःचा असायचा.

त्यामुळे दादा तुकडा पुढे करायचा तेव्हा आईचं तोंड मशेरीनं भरलेलं असायचं. ती हातानंच 'ठेव' म्हणायची. तो तुकडा फळीवर वाटीखाली झाकून ठेवला जायचा. चूळ भरून ती चहाला लागायची, मग गोठा, मग शेत. दुपारी वाटी उचलली की त्याचं काहीतरी झालेलं असायचं आणि कडेनं मुंग्या. मग ती म्हणायची की माझ्या तोंडाला कसली चव, तूच खा. मी खायची. आईला चॉकलेट आवडत नाही अशी आमची दोघांची अगदी पक्की समजूत होती, जशी तिला माशाचं डोकं आवडतं अशी होती.

मग तिच्या गालाच्या आत फोड आला. दाताचं असेल म्हणून तिनं लवंग धरली. गरमी बाहेर पडली म्हणून काकीनं सब्जा दिला. पाऊस निघून गेला, भात कापणीला आलं, फोड तसाच. चिपळूणच्या डॉक्टरांनी बॅटरी तोंडात मारून बघितलं, बॅटरी विझवली, आणि तिच्याशी न बोलता माझ्याशी बोलायला लागले. तेव्हाच मला कळलं. मुंबईला न्या म्हणाले, आणि मशेरी आजपासून बंद.

चाळीस वर्षांची मशेरी तिनं त्या दिवशी सोडली. मला वाटलं होतं चोरून लावेल. नाही लावली. डबी तिनं स्वतः काकीला देऊन टाकली. पहाटे उठून ती त्याच पायरीवर बसायची, पण रिकाम्या तोंडानं, आणि काकी बिचारी आपली मशेरी लावून आमच्या घराला पाठ करून बसायची. हातानं गप्पा मारणाऱ्या बायका होत्या त्या. आता एकीला बोलता येत होतं तर बोलायला काही नव्हतं.

दिवाळीच्या आधी दादा तिला न्यायला आला. नेहमीसारखाच पहाटे आला, आणि इतक्या वर्षांची सवय म्हणून त्यानं बॅगेतून चॉकलेट काढलं. काढल्यावर तोच ओशाळला. कसला प्रसंग, आणि आपण काय काढतोय. पण आईनं हात पुढे केला. पहाटेच्या वेळी तिनं असा हात पुढे केलेला मी कधी बघितला नव्हता. फोड डाव्या बाजूला होता. तिनं तुकडा उजव्या गालात धरला आणि उंबऱ्याकडे बघत बसली. दुखलं असेल म्हणून मी पाणी आणायला उठले.

"ह्ये असं लागतं?" ती म्हणाली. "आणि तुम्ही मना कधी सांगितलाव नाय?"

दादा म्हणाला की दर खेपेला तुझ्यासमोर धरत होतो, तूच बाजूला ठेवायचीस. ती हसली. अजून आहे काय म्हणून विचारलं. आमच्या आईनं स्वतःसाठी 'अजून' मागितलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तिनं पाऊण वडी खाल्ली आणि उरलेली चांदीच्या कागदात नीट दुमडून आपल्या उशाशी ठेवली, माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी.

मुंबईच्या दवाखान्यातला नंबर लागायला वेळ होता, म्हणून दादा आठवडाभर राहिला. त्या आठवड्यात ती माझ्या आधी उठायची. चहा व्हायच्या आधी, तोंड धुऊन, तुळशीला पाणी घालून यायची आणि एक तुकडा घ्यायची. मग मला सांगायची. आधी काही लागत नाही, मग गोड येतं, मग मागून भाजल्यासारखं कडू येतं, नि ते कडूच खरं बरं लागतं. मी बघत राहायची. चाळीस वर्षं तिच्या तोंडावर तंबाखूचं झाकण होतं. ते उचललं गेलं तेव्हा आतून एक लहान मुलगी बाहेर आली होती. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला राग येत होता. कुणाचा ते सांगता यायचं नाही. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, असं लोक हसत हसत म्हणतात. ही म्हण ज्यानं केली त्याला मी त्या आठवड्यात मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या.

मुंबईला तिला किरणांचे शेक दिले. कापण्यासारखं राहिलेलं नाही, शेकच द्यायचे, असं ठरलं. मी बिनपगारी रजा काढून दादाच्या खोलीत राहिले. रोज तिला घेऊन जायचं, बाकड्यावर बसायचं, आत न्यायचं, बाहेर आणायचं. सुरुवातीला काही वाटलं नाही म्हणायची. मग गाल बाहेरून भाजल्यासारखा काळा पडला, तोंड आतून सोलून निघालं, लाळ आटली. भाताचं शीत तिला वाळूसारखं लागायला लागलं. एके दिवशी मी तिला विचारून चॉकलेटचा कण जिभेवर ठेवला. तिनं बराच वेळ वाट पाहिली. मग पदरात थुंकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली की माती.

निघताना एका तरुण डॉक्टरला मी गाठलं. दुखणं किती राहील, आयुष्य किती, हे विचारायची हिंमत नव्हती, म्हणून चवीचं विचारलं. तो घाईत होता, पण बरा माणूस होता. काहींची येते, म्हणाला. हळूहळू येते. सगळ्यांची नाही, सगळी नाही, पण काहींची येते. मी तो 'काहींची' पदराला बांधून घरी आणला. एस.टी.त आई खिडकीला टेकून बसली होती. कशेडीचा घाट उतरून गेल्यावर तिनं मला एकदाच विचारलं.

"चव येईल ना गो, बाय?"

येईल म्हटलं. तिनं जगण्याचं विचारलं नाही. ती बाई शहाणी होती, ज्याचं उत्तर माहीत आहे ते विचारत नसे. चवीचं मात्र तिला माहीत नव्हतं, आणि ते तिला हवं होतं. आयुष्यात एक आठवडा मिळालेली चीज होती ती.

घरी आल्यावर मी त्या चवीच्या मागे लागले. मास्तरीण होते, चिकाटी होती, आणि करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. माझं म्हणणं असं की चव अशी सगळीच्या सगळी जात नाही. दिवसातून कुठल्यातरी वेळी ती डोकावत असणार, आपण ती वेळ पकडायची. पहाटेपासून सुरुवात केली, कारण ती मुळातलीच वेळ होती. पण पहाटे तिचं तोंड सगळ्यात कोरडं असायचं. जीभ टाळूला चिकटलेली, ती पाण्यानं सोडवावी लागायची. तुकडा तोंडात खड्यासारखा पडून राहायचा. मग मी सकाळची वेळ धरली, पेज प्यायल्यावर. मग शाळेच्या मधल्या सुट्टीत धावत यायची, तेव्हा ऊन चढलेलं असायचं आणि चॉकलेट आपोआप पातळ झालेलं. ज्या दुपारच्या चिखलाला आम्ही नाकं मुरडायचो तोच तिला गिळता यायचा. मी मनात म्हटलं, आपली वेळ हीच. पण गिळणं वेगळं, चव वेगळी. चारनंतर कणकण यायची आणि ती कशालाच नको म्हणायची. संध्याकाळी विचारलं तर दिवेलागणीला तोंड चालवू नये हा तिचा कायदा कायम होता. मरणाच्या दारात बसलेल्या बाईला अवलक्षणाची काळजी. माझं डोकं फिरायचं. मी तिच्यावर ओरडायची, मग मागीलदारी जाऊन रडायची, मग पुन्हा वाटी घेऊन यायची.

प्रत्येक वेळी मी विचारायची, काही लागलं? ती मान हलवायची, नाही. आणि माझ्याकडे बघायची, शाळेत पाढा न आलेलं पोर बघतं तसं. मला त्या बघण्याचा धसका बसला होता. पण विचारणं काही मी थांबवलं नाही.

शिमग्याला गावदेवीची पालखी घरी आली. आमच्याकडे पालखी दारात आली की गुरव प्रत्येक घरासाठी गाऱ्हाणं घालतो. काकीनं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, की म्हातारीला उठव, हिंडती-फिरती कर. गुरवानं तसं म्हटलं आणि बाप्यांनी 'व्हय महाराजा' म्हटलं. आईनं ओटीवर बसल्या बसल्या हात वर केला आणि त्याला खुणेनं जवळ बोलावलं. एव्हाना तिचं बोलणं फक्त मला आणि काकीलाच कळायचं. तिनं सांगितलं ते मी त्याला सांगितलं, की उठव-बिठव म्हणू नको, तोंडाला चव दे म्हण. गुरव गोंधळला. असलं गाऱ्हाणं त्यानं जन्मात घातलं नसेल. पण त्यानं घातलं. बाप्ये पुन्हा 'व्हय महाराजा' म्हणाले, जरा हळू. दादा पालखीच्या दांड्याला हात लावून उभा होता, तो घरात निघून गेला.

त्यानंतर तिचा जबडा आखडत चालला. दोन बोटंही आत जाईनात, जेमतेम चहाचा चमचा जायचा. तुकडा देणं संपलं. मग मी संध्याकाळीच दादानं आणलेल्या वडीतला एक भाग वाटीत घेऊन गरम पाण्यावर वितळवून ठेवायची, त्यात चमचाभर कोमट पाणी घालून घोटायची. दाटसर, काळपट कालवण व्हायचं. वर ताटली झाकायची. पुन्हा पहाटेवर आले होते मी. सगळ्या वेळा फिरून झाल्या होत्या, आता जिथून सुरुवात झाली तिथेच ती सापडेल अशी काहीतरी वेडी समजूत. पहाटे चमचाभर द्यायचं, ती डोळे मिटून तोंडात धरायची, गिळायची आणि मान हलवायची.

पाडवा आला. यंदा गुढी नको असं मी म्हणत होते. आईनं ऐकलं नाही. घरात माणूस जितं आहे तोवर गुढी उभी राहिली पाहिजे, आणि गुढीवरचा तांब्या लखलखीत पाहिजे. आदल्या संध्याकाळी मी वर्षाची साठवणीची चिंच काढली. आमच्याकडे चिंच मिठात तुडवून तिचे काळे गोळे करून ठेवतात. त्यातला एक वाटीत भिजत घातला, कुस्करला, चोथा काढून टाकला आणि सकाळी तांब्या घासायला म्हणून तो कोळ झाकून ठेवला. शेजारच्या वाटीत चॉकलेट होतं, तेही झाकलेलं. शाळेचे पेपर तपासायचे होते, माझं लक्ष नव्हतं.

पहाटे वीज गेलेली. गावात वीज येऊन चार-दोन वर्षं झाली होती, आणि सणाच्या दिवशी जाण्याची तिला खोड होती. मी चिमणी लावली. घासलेटच्या वासानं स्वयंपाकघर भरून गेलं. फळीवरची वाटी घेतली, चमचा घेतला, आईला मानेखाली हात घालून उठवलं, तिची जीभ पाण्यानं सोडवली आणि चमचा तिच्या ओठांतून आत सरकवला. तिनं डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ तोंडात धरलं, मग गिळलं. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. मी दुसरा चमचा दिला. तोही तिनं गिळला. मी काही विचारायच्या आधीच ती बोलली.

"आली गो."

मी विचारलं काय आली. ती म्हणाली, चव. थोडी आली. पयल्यासारखी.

मी वाटी तिथेच ठेवली आणि अंधारात तशीच काकीकडे धावत गेले. काकी मशेरी लावून पायरीवर बसलेली. मी तिला सांगितलं. तिनं तोंडातली मशेरी भरकन थुंकली, अर्धी तशीच राहिली, आणि माझे दोन्ही खांदे धरून रडायला लागली. देवीनं ऐकलं म्हणाली. मी देवीला मानायची नाही, पण त्या घटकेला मानलं. म्हटलं चुकलं माझं, तुझ्याबद्दल जे जे म्हणाले ते परत घेते. त्यावेळी मला इतका आनंद झाला होता की नंतरच्या सगळ्या आयुष्यात मला तसा आनंद झालेला नाही, आणि व्हायला नकोच आहे.

घरी आले. उजाडायला लागलं होतं. गुढीचा तांब्या घासायला घ्यावा म्हणून फळीवरची दुसरी वाटी उचलली, ताटली काढली. आत चॉकलेट होतं. वर साय धरल्यासारखा थर, चमचा न लागलेला. मी उभीच राहिले. मग आईच्या खाटेशी जाऊन ती अर्धी झालेली वाटी आणली, बोट बुडवलं आणि तोंडात घातलं. आंबट आणि खारट. माझ्या धड तोंडात दात आंबले, जिभेच्या कडेला चर्र झालं.

त्या तोंडासाठी मी आमटीत मीठ घालत नव्हते. फळाचा रस तिला झोंबेल म्हणून देत नव्हते. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. आये, झोंबतंय का, म्हणून विचारलं. काय दिलं ते सांगायचं धैर्य झालं नाही, नुसतं एवढंच विचारलं.

"नाय गो," ती म्हणाली. "रोजच्यासारखंच हाय."

मी तांब्या खाली ठेवला. त्या दोन शब्दांनी मला काय केलं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. रोजच्यासारखं. म्हणजे रोज. म्हणजे पहाटे, पेजेनंतर, मधल्या सुट्टीत, मी ज्या ज्या वेळी वाटी घेऊन तिच्यासमोर बसले होते त्या त्या वेळी तिला असंच, मिठाच्या चिंचेनं व्हावं तसं झालं होतं. आणि ती मान हलवून फक्त 'नाही' म्हणत होती, कारण मी चवीचं विचारत होते. दुखतं का हे मी विचारलंच नव्हतं. आणि आज ती 'आली' म्हणाली. सण होता म्हणून म्हणाली, की मी हे शोधणं थांबवावं म्हणून म्हणाली, की पालखीसमोर मागितलं होतं ते देवीनं दिलं नाही असं चारचौघांत होऊ नये म्हणून, मला माहीत नाही. विचारता येण्यासारखं नव्हतं.

उरलेल्या चिंचेनं मी तांब्या घासला. गुढी उभी राहिली. कडुनिंब आणि गूळ आम्ही सगळ्यांनी खाल्ला, तिच्या ओठांना फक्त पान लावलं. काकीनं तोवर सगळ्या वाडीला सांगितलं होतं. बायका येत होत्या आणि म्हातारीला चव आली म्हणून हळदीकुंकवाला यावं तशा हसत होत्या. आई मान हलवत होती, 'हो' अशी. कुणीतरी मुंबईला दादाला सावर्ड्याहून फोन लावायला सांगून गेलं. मी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवत होते.

संध्याकाळी मला कळलं की मी कशात सापडले आहे. उद्या पहाट होणार. आली म्हटल्यावर आता ती चव तिला रोज द्यायला हवी. दिलं नाही तर तिला कळेल, की मला कळलंय. आणि तिनं एवढं दुखणं गिळून जे मला दिलं होतं ते मी तिच्या तोंडावर परत फेकल्यासारखं होईल. दिलं तर तिला दुखणार, आणि ती रोज 'छान' म्हणणार, शेवटपर्यंत. शेवट आता फार लांब नव्हता, हे दोघींनाही दिसत होतं. मी वडी फळीवरून काढली आणि वितळवायला पाणी ठेवलं. पाणी उकळून उकळून आटलं, पण त्यावर वाटी ठेवायला माझा हात पुढे झाला नाही.

पहाटे वीज होती. मी दिवा लावला नाही. वाटीत नुसतं कोमट पाणी घेतलं, वर ताटली झाकली, नेहमीसारखी तिच्याजवळ गेले, नेहमीसारखी तिला उठवून बसवली. तिनं डोळे मिटले आणि उजव्या हातानं खाटेची दोरी धरली. ती रोजच धरत असणार. मी रोज तिच्या तोंडाकडे बघत होते, हाताकडे त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. चमचा आत गेला. तिनं पाणी तोंडात धरलं, धरून ठेवलं. मग गिळलं. दोरीवरचा हात सैल झाला.

मी काही विचारलं नाही. तीच बोलली.

"आज बरं लागलं," ती म्हणाली. "कालच्यापरास बरं."

आणि दुसऱ्या चमच्यासाठी तिनं आपणहून तोंड उघडलं.